जाण्याची खिडकी

आमच्या नाक्यावर दोन खिडक्या होत्या, एक येण्याची आणि एक जाण्याची. बाबा जन्मभर जाण्याच्या खिडकीत बसले. येण्याच्या खिडकीशी लोक हसतात, खोली कुठे मिळेल विचारतात, हवेची चौकशी करतात. जाण्याच्या खिडकीशी कुणाला काय बोलायचं असतं? पासपोर्ट पुढे केला, शिक्का पडला, की चालले. बाबा आधी पानावर फुंकर घालायचे, शिक्का शाईवर दोनदा टेकवायचे आणि मग ठप्. त्या आवाजावरून ट्रकवाल्यांनी त्यांचं नाव ठपके पाडलं आणि ते आडनावासारखं चिकटलं. ठपकेसाहेब, ठपकेकाका, आणि मी ठपक्यांची मुलगी. ठपका या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझं दुकान फाटकासमोरच आहे. फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन करते, पण खरा धंदा व्हिसाच्या फोटोंचा. एका देशाला मागे पांढरा पडदा हवा, दुसऱ्याला फिकट निळा. एकाला दोन्ही कान दिसायला हवेत, दुसऱ्याला दात दिसलेले खपत नाहीत. नाकी नऊ आणायचे ते सायकलवाले. महिनोन्महिने उन्हातून सायकल हाणत आलेली ही माणसं. कपाळ हेल्मेटखाली उजळ राहिलेलं, खालचा चेहरा करपलेला, आणि कानापासून हनुवटीपर्यंत पट्ट्याच्या दोन फिकट रेघा. वकिलातीतून असे फोटो परत यायचे, चेहऱ्यावर काहीतरी चिकटवलंय म्हणून. मी त्यांना पकडून बसवायचे आणि पावडर थापायचे.

बाबांचा मात्र सायकलवाल्यांवर जीव. सायकल दिसली की खिडकी सोडून बाहेर यायचे, अंगठ्याने टायर दाबून बघायचे आणि मग व्हिसाचा पाढा सुरू व्हायचा. विमानाने जाणाऱ्याला तारीख माहीत असते. सायकलवाल्याचं सगळं वाऱ्यावर. वारा समोरून आला की व्हिसा वाटेतच संपतो, पाठीमागून आला की माणूस तारखेच्या आधीच फाटकाशी येऊन बसतो. काही व्हिसे एकदाच चालतात, बाहेर पाऊल टाकलं की मागचं दार बंद. काहींवर नाक्याचं नाव घातलेलं असतं, त्याच नाक्यावरून आत जायचं, शेजारच्या नाही. बाबा प्रत्येकाला बजावायचे, "आधी पुढचं दार उघडतंय का बघा, मग मागचं लावून घ्या." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत मधे थोडा रस्ता आहे. उतार, एक वळण, दरीवरचा जुना पूल, मग चढ. तो ना आमचा, ना त्यांचा. थंडीत दरीतून धुकं वर येतं आणि पूल दिसेनासा होतो. आम्ही त्याला नुसतं मधलं म्हणतो. मधल्यात पाय ठेवायला पुढच्या देशाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर नाक्यावरचा माणूसही फाटकाचा दांडा ओलांडू शकत नाही.

घंटीवाली आली ती थंडीच्या तोंडावर, एका दुपारी. चाळिशीतली बाई, एकटी. सायकलच्या दांड्यावर वाटीएवढी पितळी घंटी. पासपोर्ट लांबच्या देशाचा, पण आई आपल्याकडची, त्यामुळे भाषा आपलीच बोलायची. आधी माझ्याकडे फोटो काढायला बसली. पुढे अजून तीन देश होते, त्यांच्या व्हिशांसाठी. मी पावडर लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं रेघा. एवढीच कमाई आहे माझी." मला आवडली ती. उठताना म्हणाली, "छान. येते," आणि मीही सवयीने "या" म्हणाले.

खिडकीशी तिने बाबांपुढे पासपोर्ट ठेवला. पुढच्या देशाचा व्हिसा होता, पण त्यावर नाक्याचं नाव पुसट उमटलेलं. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे नाव आमच्या समोरच्यांचंच आहे का हो?" तिने विचारलं.

"वाटतं तर तसंच. पण विचारून घेतलेलं बरं."

एवढ्यात पलीकडून एक बस आली आणि दुसरी इकडून सुटायच्या बेतात. खिडकीशी ही झुंबड उडाली. घंटीवालीने त्या गर्दीतून मान वर करून सांगितलं, "काका, येते मी," आणि सायकल घेऊन ती बाजूला झाली. पासपोर्ट खिडकीतच होता; ती पुसट अक्षरं कागदावर उतरवून ती गेली होती पलीकडून आलेल्या बसच्या चालकाला विचारायला, की हा व्हिसा तिकडे चालतो का. दोन मिनिटांत येते, एवढंच तिला म्हणायचं होतं.

पण आपल्याकडे निघणारं माणूस दुसरं काय म्हणतं? जाते असं कुणी म्हणत नाही. बाबांच्या खिडकीशी दिवसभर येतो, येते, येतो हं, हेच चालायचं आणि त्यावर शिक्का पडायचा. बाबांना वाटलं, बाईंनी निरोप घेतला. फुंकर घातली, शाईवर दोनदा टेकवला आणि ठप्.

ती परत आली तेव्हा चेहरा पडलेला होता. चालकाने सांगितलं होतं, हे नाव दुसऱ्याच नाक्याचं, खालच्या खोऱ्यातलं. तिकडे वळसा घालून जावं लागणार. "द्या काका पासपोर्ट," ती म्हणाली. बाबांनी दिला. तिने पान बघितलं आणि मग बाबांकडे बघितलं.

"पण मी येते म्हणाले होते," ती म्हणाली.

 बाबा उठले, साहेबांकडे धावले. साहेबांनी कानांवर हात ठेवले. शिक्का म्हणजे शिक्का. आमच्या देशाचा तिचा व्हिसा एकदाच चालणारा होता, तो संपला. कागदावर ती गेलेली होती. गेलेल्या माणसाला इथे कसं उभं राहू द्यायचं? वर अर्ज करतो म्हणाले, पण तोवर फाटकाबाहेर.

समोरच्यांनी तिला आत घेतलं नाही. तिने पुलाशी, कठड्याच्या आडोशाला तंबू ठोकला. बाबा ट्रकवाल्यांबरोबर तिच्यासाठी डबा आणि पाणी पाठवायचे, माझं घोंगडंसुद्धा पाठवलं. संध्याकाळी ती दांड्यापर्यंत चालत यायची. अलीकडे बाबा, पलीकडे ती. मी दुकानाच्या पायरीवरून बघायचे.

"काका, आलं का वरून काही?"

"येईल, येईल. उद्या परत विचारतो."

"तुमचा शिक्का फार घाईचा हो," असं म्हणून ती हसायची. तिला राग यायला हवा होता. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बाबा कदाचित वाचले असते. पण ती भली बाई. निघताना रोज न चुकता म्हणायची, "चला काका, येते."

मग धुकं आलं. असं दाट, की दुकानातून फाटक दिसेना. ट्रक थांबले, डबा जाईना. धुकं उठलं तेव्हा पुलाशी तंबू नव्हता, घोंगडं नव्हतं, ती नव्हती. सायकल तेवढी कठड्याला टेकून उभी, कुलूप न लावलेली. समोरचे म्हणाले, आमच्याकडे आलीच नाही. आमचे म्हणाले, आमच्याकडून केव्हाच गेली. दरीत बघायचं कुणी, यावर दोन्हीकडून हात झटकले गेले. शेवटी एका ट्रकवाल्याने सायकल उचलून आणली आणि बाबांनी ती आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली.

त्यानंतरच्या थंडीत बाबा पहिल्यांदा म्हणाले, "घंटी ऐकलीस?"

"ट्रक असेल."

"ट्रकला घंटी असते होय गं?"

मी वैतागून शेडमध्ये जाऊन बघितलं. घंटी जागच्या जागी, सायकलच्या दांड्यावर होती. ते मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते मलाही माहीत आहे." हे ऐकून मी त्यांच्यावरच ओरडले. भ्याले की मी ओरडते, हा माझा जुना स्वभाव.

पुढे बाबा निवृत्त झाले. शहरातून दादाचे फोन सुरू झाले, दोघंही इकडे या, खोली रिकामी आहे. मलाही तेच हवं होतं. या धुक्यातून बाबांना एकदा बाहेर काढलं की झालं, असं मला वाटायचं. दादाकडे गेलो असतो तर बाबा वाचले असते, हे मी आजही म्हणते. पण बाबांनी एकच धोशा लावला, पुलापर्यंत जाऊन सायकल द्यायची. कुणाला, ते सांगत नसत. शेडमध्ये बसून साखळीला तेल घालत, हवा भरत, घंटी चिंचेने घासत.

पुलापर्यंत जायला व्हिसा हवा. म्हणून माझे सरकारी नोकर बाबा, ज्यांनी आयुष्यात देश सोडला नाही, ते व्हिशासाठी वकिलातीत जाऊन रांगेत उभे राहिले. मी सोबत होते.

"प्रवासाचं कारण?" काचेपलीकडच्या बाईंनी विचारलं.

"पुलापर्यंत जायचं आहे."

"कुठला पूल?"

"मधला."

"तो आमच्या देशात येत नाही, आजोबा."

"आमच्याही येत नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर तुमच्याकडे आलो."

अर्थातच नामंजूर. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मी खनपटीला बसायचे की पर्यटन म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. ते म्हणायचे, "एकदा चुकीचं उमटवलंय मी. पुन्हा नाही." मला मनातून बरंच वाटायचं. नामंजूर होतंय तोवर बाबा माझ्याजवळ आहेत, असा माझा हिशेब.

एका थंडीत ती घंटी मीही ऐकली. दुपार होती, दुकानात कुणी नव्हतं, बाहेर धुकं. वळणाकडून दोनदा वाजली, घाई नसल्यासारखी. सायकल शेडमध्ये होती. मी बाबांना काही सांगितलं नाही. पण रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी ते फोटोला येऊन बसले. कान दिसू दे म्हणाले, मागे फिकट निळा पडदा लाव. वकिलातीत कारण विचारल्यावर बाबा सरळ म्हणाले, "पर्यटन."  व्हिसा मिळाला. त्यावर नाक्याचं नाव आमच्या समोरचंच होतं, ठळक, स्वच्छ. त्यांनी ते भिंग लावून वाचलं.

माझी समजूत होती की उन्हाळ्यात जातील, मीही व्हिसा काढून सोबत जाईन, पूल बघून संध्याकाळी परत येऊ आणि मग दादाकडे. मी सामानाची बांधाबांधही सुरू केली होती.

पण थंडी सरायच्या आतच एके दिवशी दुकानात एक कुटुंब बसलं होतं, लहान मूल काही केल्या कॅमेऱ्याकडे बघेना. बाबा दारातून म्हणाले, "येतो गं."

"येताना पाव आणा," मी म्हणाले. मान वर केली नाही.

ते क्षणभर थांबले असावेत, कारण दारातला उजेड जरा वेळ अडलेला होता. मग मोकळा झाला.

मुलाचा फोटो झाला, ती माणसं गेली, तरी पाव आले नाहीत. शेडचं दार उघडं होतं आणि सायकल नव्हती. मी धावत खिडकीशी गेले. तिथे आता एक तरुण पोरगा बसतो, यंत्राने शिक्का मारतो, आवाज येत नाही.

"गेले की ते," तो म्हणाला. "सायकल ढकलत गेले. छान मूडमध्ये होते."

धुकं यायला लागलं होतं. समोरच्या नाक्यावर फोन केला. ते म्हणाले, कुणी आलं नाही. यावेळी वरून खास परवानगी काढून माणसं पुलापर्यंत गेली, दरीत दोर सोडले. सायकलसुद्धा मिळाली नाही.

महिन्याभराने तो पोरगा दुकानात आला. चांगला आहे बिचारा, खाली बघत बोलत होता. "ताई, वरून विचारलंय. काकांचं काय, गेले असं धरायचं का?"

"गेले म्हणायचं नाही," मी म्हणाले. "येतो म्हणालेत."

"ताई," तो हळूच म्हणाला, "ते सगळेच म्हणतात."

 घंटीवाली येते म्हणाली ते खरंच परत येण्यासाठी, आणि बाबांनी तो निरोप समजला. बाबा येतो म्हणाले आणि मी पाव सांगितले. त्यांनी कुठला ‘येतो’ म्हटला होता, निरोपाचा की परत यायचा, ते मला अजून कळलेलं नाही. रोज कळेल असं वाटतं. दादा फोनवर रागावतो, त्या ओसाड जागी काय धरून बसलीस म्हणतो. मीही बाबांना हेच म्हणायचे, याच सुरात.

धुकं आलं की मी पडदा गुंडाळते, दिवा चालू ठेवते आणि पायरीवर येते. वळणाकडून घंटी वाजते. घंटी आता तिकडेच आहे, तेव्हा वाजली तर वाजू दे, त्यात घाबरण्यासारखं काय, असं मी स्वतःला समजावते.  फाटकाच्या दांड्यापर्यंत जाऊन मी त्या पांढऱ्या रस्त्याकडे तोंड करते आणि म्हणते, "या, बाबा."

घंटी थांबते. मग पुन्हा वाजते, जरा लांबून, पुलाकडून.