काचेवरची टिकली: नागपूर, जाम, रोहणा

बुधवार, १० डिसेंबर, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. त्या वेळी नागपुरातल्या एका गॅरेजमध्ये माझ्या हातात पावती ठेवण्यात आली: ‘टेम्परेचर सेन्सर बदलला.’ तो बदललेला नव्हता. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हाला तक्रारअर्ज असाच शिकवला होता. आधी तारीख आणि वेळ, मग घडलेली गोष्ट, आणि विशेषणं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. मी ती राखून ठेवली आहेत.

गाडी १९७८ची पद्मिनी, फिकट निळी, माझ्या पगारातून सेकंडहँड घेतलेली. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते दाखवणारा काटा महिनाभर मेल्यासारखा पडून होता, म्हणून ती गॅरेजात गेली. जायचं होतं जवळच, वर्ध्यापलीकडे रोहण्याला, शाळेतली मैत्रीण सुलभा हिच्याकडे, दोन दिवस. पण पुण्यातल्या लेकीला, अमृताला, मी शब्द दिला होता की या वेळी गाडी वाटेत बंद पडली तर विकून टाकीन. अडुसष्टाव्या वर्षी एवढा उदार शब्द मी दिला, कारण काटा दुरुस्त झाला होता.

शनिवारी सकाळी सातला निघाले. नागपूरहून सेलूमार्गे वर्धा जवळ पडतं, पण मी जामवरून जाते. रस्ता रुंद आहे, नाश्ता चांगला मिळतो. तुम्ही गेलात तर टोलचे पैसे आणि ट्रकवाल्यांसाठी संयम, दोन्ही बरोबर ठेवा. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया शेतात उतरल्या होत्या. बुटीबोरीच्या पुढेही काटा मधोमध, प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलीसारखा. मी त्याचं मनात कौतुकही केलं. जामच्या चौकाच्या थोडं अलीकडे बॉनेटमधून वाफ यायला लागली, तेव्हाही तो मधोमधच होता.

चौकात कुंदाताईंच्या चहाच्या टपरीला लागून विलासभाऊंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. गाडी तिथपर्यंत लोकांनी ढकलत नेली. त्यांनी पहिला तास कशालाच हात लावला नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडणारे लोक त्यांनी दवाखान्यात पाहिले होते. मी आलूबोंडे खाल्ले, उत्तम होते. मग कळलं की फॅनचा पट्टा सैल झाला होता. पट्टा ताणायला दहा मिनिटं लागली. नंतर त्यांनी काट्याची वायर शोधत शोधत इंजिनापर्यंत नेली आणि हसायलाच लागले.

“मॅडम, गॅरेजवाल्यायनं तुमचा काटा खुंटीले बांधून ठेवला.”

वायर सेन्सरला जोडलेलीच नव्हती. मधे एक छोटा रेझिस्टर घालून ती गाडीच्या पत्र्याला टेकवली होती, म्हणजे इंजिन थंड असो की उकळो, काटा मधोमध. जुना गंजका सेन्सर जिथल्या तिथे.

मी गॅरेजमालकांना फोन लावला. ते जराही ओशाळले नाहीत. जुन्या गाडीचा सेन्सर बाजारात मिळत नाही, आणि मी काटा पाहून सारखी फोन करते, असं त्यांनी सांगितलं. “म्हटलं, मॅडमला उगाच टेन्शन नको.” मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

फोन ठेवते तोच अमृताचा मेसेज: पोचलीस का, गाडी ठीक आहे ना? मी लिहिलं, ‘सगळं उत्तम. वर्ध्याच्या अलीकडे चहा पितेय.’ अलीकडे होतेच.

विलासभाऊंनी डब्यातून ट्रॅक्टरचा एक सेन्सर काढला. आटे जुळले, पण ट्रॅक्टरचा सेन्सर आणि पद्मिनीचा काटा यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. म्हणून त्यांनी कुंदाताईंकडे उकळत्या पाण्याचं भांडं मागितलं. सेन्सरला काट्याची वायर जोडली, दुसऱ्या वायरने त्याचं अंग गाडीच्या पत्र्याला जोडलं आणि त्याचं टोक पाण्यात धरलं. काटा हलला. सावकाश चढत गेला आणि लाल पट्ट्याच्या बराच आधी थांबला. म्हणजे या गाडीचं उकळणं आता तिथे.

कुंदाताईंनी पाकिटातून एक लाल टिकली काढली आणि काट्याच्या काचेवर नेमकी तिथे चिकटवली. “काटा टिकलीजवळ आला का गाडी उभी करजो, मावशी. अन् ह्या भांड्यात चहा नाई करत मी आता, भिऊ नको.”

मग रेडिएटरमधलं थोडं पाणी बादलीत काढलं, जुना सेन्सर पान्याने सोडवला, नवा तांब्याचा वॉशर घालून ट्रॅक्टरचा बसवला आणि पाणी परत भरलं. गळती थांबवणारी टेप मात्र आट्यांवर गुंडाळली नाही, कारण त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. जुन्या गाड्या पाळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. एकूण तीन तास.

वर्ध्यावरून पुलगाव, तिथून रोहणा. रस्ता अरुंद, मधेमधे खड्डे, पण मी निम्मा वेळ टिकलीकडेच पाहत होते. चढावर काटा चढायचा, उतारावर उतरायचा. खोटा काटा दिसायला बरा होता, हे कबूल करते.

सुलभा लग्न होऊन रोहण्याला आली आणि तिची भाषा इथलीच झाली. संध्याकाळी अंगणात संत्री सोलत मी तिला गॅरेजवाल्याचा उद्धार ऐकवला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“अमृताले सांगितलं?”

“नाही.”

“काऊन?”

“तिला उगाच टेन्शन नको.”

संत्र्याची एक फोड सुलभाने माझ्या हातावर ठेवली. माझं वाक्य मला ऐकू आलं होतं.

सोमवारी परतले. काटा टिकलीपासून दोन बोटं खाली राहिला. घरी येऊन राखून ठेवलेली विशेषणं काढली, तर त्यातली निम्मी मलाच लागू पडत होती. म्हणून ती गाळते आणि एवढंच लिहिते.

गॅरेजमालक, तुम्ही न केलेल्या कामाची पावती का दिलीत आणि असे आणखी किती काटे बांधून ठेवलेत, ते लेखी कळवा.

अमृता, शनिवारी गाडी जामला तीन तास बंद होती. मी तुला खोटं लिहिलं. आता काटा खरा आहे. शब्दाप्रमाणे गाडी विकायची की ठेवायची, तूही लेखीच कळव, फोनवर तू माझ्या आवाजाला भुलतेस.

दोघांनाही मुदत एकच: बुधवार, ३१ डिसेंबर, संध्याकाळचे पाच.