हायपोतला हाय

दवाखान्याच्या कागदावरचा इंग्रजी शब्द लांबलचक असला की आमच्या सिस्टर त्याच्यावर अंगठा ठेवायच्या आणि एकेक तुकडा उघडा करत जायच्या. "अख्खा नको वाचू. तोडून वाच," हे वर सांगायच्या. त्यांची नर्सची नोकरी सौसरच्या दवाखान्यात, घर पांढुर्ण्यात आमच्या शेजारी. संध्याकाळी बसमधून उतरून घरी आल्या की दारात कुणीतरी कागद घेऊन उभंच.

गल्लीतल्या एका काकांना गॅस्ट्रोएन्टरायटिस झाला होता. आपल्या आजाराला एवढं मोठं नाव मिळाल्याचा त्यांना थोडा अभिमानच होता. सिस्टरांनी अंगठा सरकवला. गॅस्ट्रो म्हणजे पोट, एन्टर म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे सूज. "हगवण लागली तुम्हाले. पाणी पेत राहा." काकांचा चेहरा पडला. आम्ही हसलो. मी जरा जास्तच, कारण आपल्याला इंग्रजी येतं असा माझा समज होता.

तोच समज एका दुपारी माझ्या वडिलांच्या जिवावर उठला. बाबा घामानं भिजले, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळू लागलं. त्यांना साखरेचा आजार, आणि घरातल्या मशीनच्या पट्ट्या संपलेल्या. मागच्या महिन्यात असंच होऊन ते भरती झाले होते, तेव्हा मी बाहेरगावी होतो. दवाखान्यातून मिळालेल्या सुटीच्या कागदावर शब्द सापडला, हायपोग्लायसेमिया. हाय बीपी तशी हाय शुगर, मी ठरवून टाकलं. इन्सुलिनची सुई भरली आणि मात्रा बरोबर आहे ना, एवढंच विचारायला सिस्टरांना फोन लावला. त्या बसमध्ये होत्या.

"कागदावर काय लिहलं ते वाच."

"हायपो..."

"थांब. पो लिहलं का पर?"

"पो."

"पर म्हणजे जास्त, पो म्हणजे कमी. साखर उतरून राहिली त्यायची. सुई ठेव खाली, तिनं आणखी उतरते. शुद्धीवर हायेत न? साखरेचं पाणी पाज, आत्ताच्या आत्ता."

अर्धा ग्लास माझ्या हातून सांडला. उरलेला बाबांनी घोट घोट घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी ते म्हणाले, "माहा शर्ट कायनं वला झाला?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

सिस्टर आल्या, तेव्हा भरलेली सुई ओट्यावरच होती. त्यांनी ती रिकामी केली आणि बाबांना म्हणाल्या, "पोरानं वेळेवर शब्द वाचला, म्हणून वाचले तुम्ही."

यंदा सिस्टर गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घालून बुद्धवंदना झाल्यावर बाबा काठी टेकत बोलायला उभे राहिले. माझ्या पोरानं मला कसं वाचवलं, हे सिस्टरबाईनं स्वतः सांगितलं होतं, असं ते सगळ्यांना सांगू लागले. खरं काय ते माझ्याशिवाय ठाऊक असलेलं एकच माणूस आता फोटोत होतं. उठून बोलायला हवं होतं. लोक माझ्याकडे कौतुकानं पाहत होते, आणि मी बसून राहिलो.