हे लागत नाही

पेनाच्या टोकानं तिनं माझी बाही वर सारली.

शाळेचा ओटा होता. खाली सतरंजीवर आमचा तांडा बसलेला, खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं, मधल्या खुर्चीत सरपंच. भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधलेली आणि त्या चादरीवर माझे हात. माझ्या हातांचा फोटो, भिंतभर मोठा केलेला. कोपरापासून खाली तांबडे चट्टे, त्यावर पांढरा पापुद्रा. चेहऱ्यावर काळी पट्टी मारली होती. पण मनगटाच्या वर गोंदण दिसत होतं. विंचू. माझ्या लहानपणी आईनं पोहरादेवीच्या जत्रेत गोंदवून घेतला होता, आणि त्याची नांगी वाकडी झाली होती म्हणून आई त्या गोंदणारणीशी भांडली होती. वाकड्या नांगीचा विंचू अख्ख्या तांड्यात माझ्याच हातावर आहे. चेहरा झाकून काय झाकलं?

मागून एक पोरगा ओरडला, "अबे, हे त खिचडीवाली व्हय!"

लोक हसले. शहरातून संशोधनाला आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हो, त्या इथंच आहेत. ताई, जरा वर या."

मी गेले. येडी मी. मला वाटलं, वर बोलावलं म्हणजे आता चार चांगले शब्द सांगतील. मॅडमनी खिशातून पेन काढलं, बाही वर केली आणि चट्ट्यांवरून पेन फिरवत बोलू लागल्या. जनावराच्या बाजारात दलाल काठीनं बैलाचं वशिंड दाखवतो, तसं.

सरपंचानं बसल्या जागेवरून विचारलं, "मॅडम, हे दुसऱ्याले लागते काय? हिच्या हातचं लेकरं खातेत शाळेत."

मॅडमनी सरपंचाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"त्यावर संशोधन सुरू आहे," त्या म्हणाल्या.

तोवर मी तिला 'त्या' म्हणत होते. त्या वाक्यानंतर ती झाली.

कारण तिला माहीत होतं. हे लागत नाही, हे तिनंच मला सांगितलं होतं. माझ्या ओसरीत, खाली मांडी घालून, माझ्या हातची भाकरी खाताना.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा मानोरा तालुक्यात, पोहरादेवीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला. जत्रेला लाखानं माणूस येतो म्हणून तो रस्ता रुंद करायला काढला. रस्त्याला खडी पाहिजे, म्हणून तांड्याच्या डोक्यावरची टेकडी फोडायला खडीचं क्रशर बसलं. कागदावर ते सरपंचाच्या भावाचं आहे, आणि खरं कोणाचं ते शेंबडं पोरही सांगेल. क्रशर सुरू झालं की तांडा पांढरा. दोरीवरची धुणी, तुरीची पानं, पाण्याच्या घागरीवरचं फडकं, सगळ्यावर भुकटी. सकाळी चूल पेटवण्याआधी तवा फडक्यानं पुसावा लागतो.

माझी पोरगी सोनल तेव्हापासून धापा टाकते. खेळता खेळता खाली बसते, खांदे वर ओढते आणि छातीतून शिटी वाजते. दमा. मलाही कानामागे एक चट्टा लग्नाआधीपासूनच होता, तो या धुळीत हातापायावर पसरला. थंडीत तर चिरा पडतात, रक्त येतं. कोणी कोड म्हणालं, कोणी महारोग. सासू म्हणाली, मागच्या जन्मीचं. मी वैशाखातही पूर्ण बाहीचं पोलकं घालत होते. शाळेतल्या पोरांनी विचारलं तर सांगायची, ऊन सोसत नाही मला.

शाळेतली खिचडी मी शिजवत होते. ते काम काय होतं, ते सांगते. नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. पूर्वी मीही जात होते, पोरीला पाठीवर बांधून. उसाच्या पाचटात पोरीचा दम आणखी वाढला. खिचडीचं काम मिळालं म्हणून मी तांड्यात राहिले, आणि मी राहिले म्हणून पोरगी शाळेत राहिली. ते गेलं की मी परत कोयत्यावर, आणि माझ्यामागे ती. एवढा साधा हिशेब होता.

तेव्हा ही मॅडम आली. शहरातल्या मोठ्या कॉलेजातली डॉक्टर. धूळ, दमा आणि कातडीचे रोग यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर तिचं संशोधन. माझ्या घरकुलाच्या स्लॅबवर तिनं हवा मोजायचं यंत्र बसवलं, कारण क्रशरची धूळ सगळ्यात आधी माझ्याच छपरावर पडते. यंत्राला वीज माझ्या घरातली. वारा सुटला की मी वर जाऊन पाहायची, पडलं तर नाही ना. पोरांकडून ती एका नळीत जोरानं फुंकून घ्यायची आणि किती फुंकलं ते लिहून घ्यायची. सोनलला ते फुंकणं फार आवडायचं.

एक दिवस तिनं माझा हात हातात घेतला. उघड्या हातानं. माझ्या हाताला असं कोणी धरलं त्याला किती काळ झाला होता, मला आठवेना.

"ताई, याला सोरायसिस म्हणतात," ती म्हणाली. "हा लागत नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही."

"पुन्हा सांगा," मी म्हटलं.

तिनं पुन्हा सांगितलं. आमच्याकडे आईला याडी म्हणतात. सोनल ओरडली, "याडी, लागत नाई म्हन्ते!" त्या संध्याकाळी मी तिच्या डोक्याला माझ्या हातानं तेल लावलं. तोवर सासू लावायची. पोरगी मान मागे टाकून डोळे मिटून बसली होती आणि मी रडत होते. हे मी मॅडमला दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिचेही डोळे भरले. ते खोटं होतं असं मी आजही म्हणत नाही, आणि म्हणूनच जास्त जळतं.

नंतर तिनं कातडीचा तुकडा मागितला. हरभऱ्याच्या डाळीएवढा. बायका घाबरल्या होत्या. कोणी म्हणे कातडी नेऊन विकतात. मी पहिली बसले. सुई टोचली, तुकडा काढला, टाका घातला. तो टाका मी घरोघर दाखवत फिरले. "काई होत नाई वं, द्या. आपल्याच लेकरायसाठी हाये." माझ्या शब्दावर बायकांनी बाह्या वर केल्या.

मी तिला विचारलं होतं, "धुळीचं सांगसान ना मॅडम, लोकायसमोर?"

"त्यासाठीच तर आलेय, ताई."

आणि सांगायच्या दिवशी त्या चादरीवर काय दाखवलं? चुलीचा धूर. घरातली ओल. अंघोळीला कमी पाणी. अस्वच्छता. क्रशरचा क सुद्धा नाही. सभेच्या आधी ती सरपंचाकडे जेवली होती, हे मला नंतर कळलं. तिनं माझ्या चुलीवरची भाकरी बोटं चाटत खाल्ली होती, आणि माझ्याच चुलीला चोर ठरवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर माझ्या खिचडीच्या गंजाजवळ दुसरी बाई तांदूळ धूत होती. हेडमास्तर दारातच उभे.

"बाई, तुमी काई दिवस आराम करा."

"काहून, सर? मॅडमनं मले सोता सांगतलं, हे लागत नाई म्हनून."

"मॅडम काल सगळ्यायसमोर बोलल्या ना? संशोधन सुरू हाये. पुरं होऊ द्या."

त्यांचा आवाज मऊ होता. मऊ आवाजानं हाकललेल्या माणसाला भांडताही येत नाही. मी घरी आले. दुपारी सोनल आली ती ताट तसंच घेऊन. खिचडी तशीच.

"याडी, माह्या बाजूले कोनी नाई बसलं."

वाशीमला गेले. कातडीच्या डॉक्टरकडे नंबर लावला. त्यानं हात पाहिले, मलम लिहिलं. मी विचारलं, हे लागतं का? त्यानं मान वरही केली नाही. "नाही लागत बाई, कोणालाच नाही. पुढचा पेशंट." बाकावरच्या सगळ्यांनी ऐकलं. एवढं सोपं होतं ते वाक्य. त्याला ना सरपंच अडवत होता, ना संशोधन. गावात येऊन मी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, तो साधा डॉक्टर, मॅडम मोठ्या कॉलेजच्या.

मी मॅडमला फोन लावला.

"ताई, मला तुमचं दुःख कळतं," ती म्हणाली. "पण सरपंचांनी परवानगी दिली म्हणून तिथं आमचं काम चाललंय. आत्ता वाद झाला तर सगळा अभ्यास बंद पडेल. पुढं खूप लोकांचा फायदा आहे. तुम्ही थोडं सहन करा."

"तुमचं एक वाक्य व्हतं, मॅडम. त्याले कोनाची परवानगी लागते?"

तिकडून फोन बंद झाला.

मी खूप विचार केला. सरपंचाचा राग आला नाही मला. तो क्रशरवाला, तो त्याचंच पाहणार. हेडमास्तर नोकरी सांभाळणार. पण तिला मी माझी कातडी कापून दिली होती. जे नवऱ्याला दाखवायला लाजत होते, ते तिला दाखवलं होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर करून तिच्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिले होते. दगा परक्याचा नसतो, आणि मी तिला माझी मानली होती.

थंडी पडली. नवरा ऊसतोडीला निघाला, मला म्हणाला, चल. मी म्हटलं, नाही. तो एकटाच गेला.

आणि मॅडम परत आली. पिशवी घेऊन, हसत. बायका माझ्या अंगणात तुरी बडवत होत्या. तिला थंडीतल्या कातडीचा तुकडा पाहिजे होता, जुन्या टाक्याच्या शेजारचाच. आणि स्लॅबवरचं यंत्र उतरवून गावातल्या देवळाच्या आवारात न्यायचं होतं. तिथं सुरक्षित राहील, असं सरपंच म्हणाले होते. त्या देवळाभोवती लिंबाची गर्द झाडं आहेत. धूळ तिथवर पोचतच नाही. हे तिला कळत नव्हतं असं नाही.

"कशा आहात ताई?" म्हणत तिनं माझा हात धरायला हात पुढे केला.

मी हात मागे घेतला. "आज पेन नाई आनलं काय?"

ती गोरीमोरी झाली. बायकांच्या काठ्या थांबल्या.

"मॅडम, कातडी देतो," मी म्हटलं. "डाळीएवढी कायले, तळहाताएवढी घ्या. पन आधी थे वाक्य म्हना. मले या ओसरीत सांगतलं व्हतं थे. शाळेच्या ओट्यावर उभं राहून म्हना, माइकवर."

"ताई, तुम्ही मनाला लावून घेतलंय. असं अर्धवट सोडलंत तर नुकसान तुमचंच आहे."

"माह्यं झालं नुकसान. आता तुमचं होऊ द्या."

ती बायकांकडे वळली. मघापर्यंत खाली पाहणारी माझी शेजारीण उठली, पोलक्याची बाही ओढून मनगटापर्यंत खाली घेतली आणि पुन्हा काठी उचलली. मग दुसरीनं बाही खाली घेतली. अंगणात पुन्हा तुरी बडवायचा आवाज सुरू झाला.

यंत्र मात्र ती घेऊन गेली. ते कॉलेजचं होतं. आता ते देवळातली स्वच्छ हवा मोजत बसलं आहे.

ती गेल्यावर मी कात्री घेतली आणि माझ्या सगळ्या पोलक्यांच्या बाह्या कापल्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा असते. त्याच ओट्यावर. मी अर्ध्या बाहीनं गेले. चट्टे उघडे, विंचू उघडा. माझी पाळी नव्हती तरी माइकपुढे उभी राहिले. सरपंच म्हणाला, "ए बाई, खाली बस. तुहा विषय नाई आज."

मी बसले नाही. मी म्हटलं, "मॅडमले तुमी इचारलं व्हतं ना, हे लागते काय म्हनून? मी सांगतो. माह्या अंगाचं कोनाले लागत नाई. लागते तो दम. तुमच्या खडीच्या धुळीनं लागते, माह्या पोरीले लागते, अथी बसलेल्या अर्ध्या लेकरायले लागते. याच्यावर कोनतं संशोधन सुरू हाये, थे सांगा."

माइक बंद केला. पण तोवर बोलून झालं होतं.

यानं काही बदललं नाही. खिचडी दुसरीच बाई शिजवते. क्रशर चालूच आहे. सोनल अजून दम्याचा पंप ओढते.

पण आता मधल्या सुटीत मी रोज शाळेच्या फाटकासमोर बसते, अर्ध्या बाहीनं. घरून ताट आणते. सोनल बाहेर येते आणि आम्ही मायलेकी एका ताटात जेवतो, सगळ्या शाळेसमोर, हेडमास्तरांच्या खिडकीसमोर. पोरं पाहतात. पाहू देत. हे मी सोडणार नाही. नवऱ्यानं बोलावलं तरी कोयत्यावर जाणार नाही, कोणी हाकललं तरी उठणार नाही.

आणि यापुढे कोणी पिशवी घेऊन आमच्या तांड्यात आलं, कितीही मोठ्या कॉलेजचं असो, तर त्याला मी आधी त्या फाटकासमोर नेणार आहे. सगळ्यांदेखत माझ्या ताटात हात घाल. घास खा. मग माझी कातडी माग.