रोश्टी उपासाला चालते!

लग्नाचा वाढदिवस तारखेने येतो आणि महाशिवरात्र तिथीने, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी येऊ शकतात, ही साधी गोष्ट पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असूनही माझ्या लक्षात आली नव्हती. २००६ सालच्या फेब्रुवारीत मी मोठ्या हौसेने शिकागोहून गाडी काढली आणि अनघाला घेऊन विस्कॉन्सिनमधल्या न्यू ग्लॅरसला गेलो. स्विस लोकांनी वसवलेलं गाव! आज बायकोला अस्सल स्विस जेवण घालायचं, असा गुपचूप बेत होता.

टेबलाशी बसल्यावर अनघा शांतपणे म्हणाली, "मी फक्त दूध घेईन."

"का गं? पोट बिघडलं?"

"आज महाशिवरात्र आहे."

बाराव्या वर्षापासून तिने हा उपास एकदाही मोडलेला नव्हता. तापात नाही, बोर्डाच्या परीक्षेत नाही. आता लग्नाच्या पहिल्याच वाढदिवशी माझ्या वेंधळेपणापायी एक तर तो मोडणार, नाही तर ती दूध पीत बसणार आणि मी समोर बसून हादडणार! घाबरून मेनू उघडला. वितळलेल्या चीजच्या फोंड्यूत वाइन! सूपमध्ये मांस! सॅलडमध्ये अंडं! तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक बशी आली आणि मी जवळजवळ ओरडलोच, "अनघा, बटाट्याचा कीस!"

"अय्या, खरंच की!"

मेनूत त्याचं नाव होतं रोश्टी. मी वेट्रेसला बोलावून टेचात सांगितलं, "माय वाइफ इज ऑन फास्ट."

"नो प्रॉब्लेम, हनी!" म्हणत ती अक्षरशः पळत गेली आणि पाचव्या मिनिटाला रोश्टी हजर. वर कांदा, त्यावर बेकन आणि सोबत घरी न्यायचा खोका. (बिचारीला वाटलं, आम्हाला घाई आहे!)

"तसलं फास्ट नाही हो," मी म्हणालो. "देवाचं फास्ट!"

"देवाला घाई आहे?"

शेवटी तिने आतून मालकीणबाईंनाच आणलं. सत्तरी ओलांडलेल्या, पांढऱ्या एप्रनमधल्या या स्विस आजी स्वयंपाकही स्वतःच करत. त्या वही-पेन घेऊन समोर बसल्या.

"उपास म्हणजे खायचं नाही ना?"

"नाही. पण बटाटा चालतो," मी म्हणालो.

"ब्रेड?"

"छे छे, अजिबात नाही!"

"लोणी?"

"चालतं."

"दूध, दही, साय?"

"चालतं."

"शेंगदाणे?"

"ते तर धावतात!"

आजींनी पेन खाली ठेवलं. "आणि हे सगळं खाल्लं की तुमचा देव प्रसन्न होतो?" त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, निव्वळ आदर होता. "बरं, थोडं शहाजिरं घालू?"

"घाला की," मी म्हणालो.

"नको!" अनघा म्हणाली. "जिरं नाही चालत."

"आमच्याकडे चालतं."

"तुमच्या पुण्यात काहीही चालतं! आमच्या घरी नाही."

"पण देव एकच आहे ना?"

"यार, आज तरी वाद घालू नकोस!"

आजींनी वहीत 'शहाजिरं नाही' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या आणि आत गेल्या.

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. जुन्या तव्यात बेकन झालेलं, म्हणून त्यांनी माळ्यावरून दुसरा तवा काढला, आमच्यासाठी घासून घेतला. आदल्या दिवशी उकडून ठेवलेले बटाटे किसले, लोण्यात पसरले आणि मग त्यांनी काहीच केलं नाही! हलवणं नाही, परतणं नाही. कमरेवर हात ठेवून त्या नुसत्या कान देऊन उभ्या राहिल्या. मी सतत ढवळतो, तरी माझा कीस तव्याला चिकटतो आणि वर त्याचा लगदा होतो. एका क्षणी आजींना काय ऐकू आलं कोण जाणे, त्यांनी तव्यावर ताटली उपडी घातली, हात फिरवला आणि ताटलीत सोनेरी, अखंड, तव्याएवढी रोश्टी! मी थक्क झालो. टाळ्या वाजवल्या, तेही एकट्याने.

अनघाने पहिला घास घेतला. वरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी मऊ. तिचे डोळे भरून आले. "आईची आठवण आली रे," ती म्हणाली आणि मलाही भरून आलं. घरापासून इतक्या लांब, बाहेर गुडघाभर बर्फ आणि एका अनोळखी बाईने आमच्या देवासाठी तवा घासला होता. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आमचं ताट पाहून वेट्रेसला हाक मारली, "मलाही यांचा उपास द्या!"

रोश्टी संपत आली तशा आजी पुन्हा येऊन बसल्या. "पोरी, एवढं लहानपणापासून करतेस, ते कशासाठी?"

अनघा लाजली. "चांगला नवरा मिळावा म्हणून."

आजींनी चष्मा सारखा केला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश न्याहाळलं. मग अनघाच्या हातावर हात ठेवून अतिशय मायेने म्हणाल्या, "सोडू नकोस हो. ऐकेल देव कधीतरी."