उस्मानभाईंचा बॉयलर आणि नूरभाबीचे कान

उस्मानभाई परकार बॉयलरला हात लावायच्या आधी कान लावायचे. हातात लांब लोखंडी सळी, तिचं एक टोक बॉयलरच्या पत्र्यावर आणि दुसरं कानाशी. डोळे मिटून असे काही ऐकायचे की घरातली माणसं चिडीचूप व्हायची. मग निकाल द्यायचे: आत थर बसलाय, नाहीतर झडप आखडलीय, नाहीतर नुसती कुरकुर आहे, काळजी नको. दाभोळहून निघून त्यांनी अर्धं आयुष्य आगबोटींच्या तळाशी भट्टीत कोळसा टाकण्यात घालवलं होतं, आणि तिथले जुने आगवाले बॉयलरची तब्येत अशीच ओळखत. कुवेतला एका अरबी दुकानदाराने त्यांना घरोघरचे बॉयलर दुरुस्त करायला ठेवलं, तेव्हा ही विद्याही बरोबर आली. माणूस लाखातला, पण कानाचा तोरा भारी.

तोरा मिरवायला जागाही होती. साठ सालानंतरच्या त्या वर्षांत कुवेतच्या रुमैथिया भागात नवी घरं उठत होती आणि प्रत्येक न्हाणीघरात विजेचा बॉयलर बसत होता. गोडं पाणी जपून वापरायचं, म्हणून लोक बॉयलरला सर्रास खारं पाणी जोडायचे. ते तापलं की आत चुन्यासारखा पांढरा थर धरतो. मग वीज त्या थरालाच तापवत बसते, पाणी कोमटच येतं, झडप गळते नाहीतर घट्ट बसते, आणि एक दिवस बॉयलर आतून धडधडायला लागतो. वर्षातून एकदा रिकामा करा, खरवडा, असं सांगून उस्मानभाई थकले. उन्हाळाभर कुणी बॉयलरकडे ढुंकून बघत नसे. डिसेंबरात हाडं गोठवणारा वारा सुटला की सगळ्यांना उस्मानभाई एकदम आठवायचे.

कुवेतमधल्याच हवल्ली भागात आमची दारं समोरासमोर होती. एका हिवाळ्यात खुद्द उस्मानभाईंचाच बॉयलर वाजायला लागला. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, इतका. नूरभाबी, म्हणजे त्यांची बायको, रोज तक्रार करायची आणि हे रोज सळी लावून सांगायचे की ठणठणीत आहे, तुला भास होतात. साऱ्या कुवेतला शहाणपण शिकवणारा माणूस घरात असा ढिम्म! मला त्यांचा मनस्वी राग यायचा. भाबी माझ्याकडे फणफणत गरम पाण्याची बादली न्यायला यायची आणि आम्ही दोघी मिळून त्यांचा उद्धार करायचो.

शेवटी एका शुक्रवारी तिने मला साक्षीला बोलावलं. उस्मानभाईंनी सळी लावली. बॉयलर असा गडगडत होता की शेजारी टांगलेला आरसा थरथरत होता. ते डोळे मिटून, समाधानाने हसत म्हणाले, "मुका हाय. एक शबूद नाय."

मी हसायला तोंड उघडलं आणि भाबीचा चेहरा बघून मिटलं. तिचा सगळा राग उतरला होता. आगबोटींच्या त्या गदारोळाने त्यांचे कान खाल्ले होते आणि आम्हाला ते त्या क्षणी कळलं. आमच्याकडे बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, "ऐकलांव काय" म्हणतात. बिचारीने ती हाक आयुष्यभर मारली होती.

"वाजूं दे नायतर नको वाजूं दे," ती म्हणाली, "तुमी उघडा."

त्यांनी कुरकुरत उघडला. आतून बादलीभर पांढरे खपले निघाले. त्या ढिगाकडे बघत उस्मानभाई तसेच फरशीवर बसले. मग हळूच विचारलं, "कवापासून वाजतो?"

"थंडी पडल्यापासून."

दुकानाच्या मालकाला कळलं तर काम जाणार, काम गेलं की इथं राहायचा परवाना जाणार आणि दोघं दाभोळला परत, हे सांगायची गरज नव्हती. मला त्यांची फार दया आली आणि त्यांना ती दिसू नये म्हणून मी चहा करायला पळाले.

वाट काढली ती भाबीने. अरबी घरात न्हाणीघर बायकांच्या बाजूला. परक्या पुरुषाने तिकडे जायचं तर मोठ्याने "या अल्लाह" म्हणत थांबायचं, बायका आडोशाला जाईपर्यंत. आता बायकांना बाजूला करायला म्हणून भाबी पुढे जाऊ लागली. उस्मानभाईंनी तिला घरच्या बॉयलरवर शिकवलं होतं: सूंऽ म्हणजे झडप, गुरगुर म्हणजे थर. ती आत जाऊन कान लावायची आणि बाहेर येऊन ओढणी उजवीकडे किंवा डावीकडे सारखी करायची. मग उस्मानभाई आत जाऊन, सळी लावून, डोळे मिटून तोच निकाल द्यायचे. नाटक असं बेमालूम की मला तिकीट काढून बघावंसं वाटे.

मग खुद्द मालकाच्या रुमैथियातल्या घरचं पाणी कोमट यायला लागलं. त्या दिवशी त्याच्या घरातल्या बायका माहेरी गेलेल्या. बाजूला करायला कुणी नाही, म्हणजे भाबीला आत जायला निमित्तच नाही. ती अंगणात उभी राहिली आणि मालक उस्मानभाईंना स्वतः आत घेऊन गेला. बॉयलर काय म्हणतोय ऐक, म्हणाला.

उस्मानभाई सळी लावून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि मोडक्यातोडक्या अरबीत सांगून टाकलं की मला ऐकू येत नाही. तो वाजायची वाट बघायचीच कशाला? दर वर्षी थंडीच्या आधी उघडा, खरवडा, झडप ढिली करा, तो कधी वाजणारच नाही.

हे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, मालक म्हणाला. तू दुकानात, तुझ्या मते हळू आवाजात, हिशोब सांगतोस तेव्हा रस्त्यापलीकडचा चहावालासुद्धा मान डोलावतो. पण तू केलेलं काम परत येत नाही, म्हणून ठेवलाय. आणि थंडीच्या आधी सगळी घरं घ्यायची हे तुझं बरोबर आहे, पुढच्या वर्षीपासून घे.

परत येताना उस्मानभाई हवेत होते. भर रस्त्यात बायकोला म्हणाले, आता लपवायचं काही उरलं नाही, उद्यापासून तुला यायची गरज नाही, आराम कर.

भाबी मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. त्यांना ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, तरीही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असलं काही ती बंद दाराआडसुद्धा कधी बोलली नव्हती. तिसऱ्या वेळी ती रुमैथियाच्या रस्त्यात थांबली आणि समोरच्या गच्चीवरच्या बायका वळून बघतील एवढ्या मोठ्याने ओरडली, "तुमच्याबिगर मना घरात करमत नाय!"