उन्हाकडची जागा

ट्विला स्टेमीच्या आयुष्यातला पहिला मत्सर एका गाडीचा होता.

तिचे वडील हॉयट दिवसभर फर्निचरच्या कारखान्यात खुर्च्यांचे पाय तासायचे आणि घरी आले की जेवणाआधीच मागच्या शेडमध्ये त्या गाडीखाली शिरायचे. जुनी फोर्ड. काचा काढलेल्या, दारं वेल्डिंग करून बंद केलेली, दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगात सत्तावीसचा आकडा. ट्विलाची आई म्हणायची, "गाडी कसली, सवत आहे माझी. आणि सवतीचे तेलकट डाग धुवायचे कोणी, तर मी!"

शनिवारी संध्याकाळी ती गाडी फोर्क क्रीकच्या ट्रॅकवर धावायची. गाड्या जिथे उभ्या राहतात त्या पिटात त्या काळी तीन गोष्टींना बंदी होती: हिरवा रंग, शेंगांची टरफलं आणि बायका. तिन्ही अपशकुनी. गावातला कोणीही शेंबडा मुलगा आत जाऊन तिच्या डॅडींच्या गाडीला हात लावू शके. ट्विला मात्र तारेच्या जाळीला नाक लावून बाहेर. घरी परतताना तिच्या नाकावर जाळीची नक्षी उठलेली असे, आणि ती रात्रभर कुणाशी बोलत नसे.

ती बारा वर्षांची असताना डॅडी भिंतीवर आदळले. पाठीचा मणका गेला, गाडी विकावी लागली. पुढच्या मोसमात ते काठी टेकत प्रेक्षकांच्या बाकांवर चढले, अगदी वरच्या रांगेत, चौथ्या वळणाच्या तोंडाशी, आणि शेजारच्या जागेवर थाप मारून म्हणाले, "ये गं, बस इथे." आईचे डोळे त्या दिवशी पाणावले होते. ट्विलाच्या मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. सवत गेली होती, आणि डॅडी तिच्या वाट्याला आले होते.

तेव्हापासून ती जागा दोघांची. दुपारी फाटक उघडलं की ट्विला निळ्या चौकड्यांची चादर घेऊन चढायची आणि बाकावर चिकटपट्टीने चारी कोपरे चिकटवून यायची. फोर्क क्रीकला लोक एकमेकांची बायको पळवतील, पण चादर कुणी कुणाची हलवणार नाही. मधल्या काळात ट्विलाचं लग्न झालं, ते रिकीशी, फोर्डच्या हाडवैरी शेवरले गाड्यांच्या भक्ताशी. फोर्डवाल्यांच्या घरातली पोर तिथे किती टिकणार? तो सोडून गेल्याचं दुःख तिने केलं, पण बेताचंच. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी होती आणि शनिवार होते.

आई गेली त्या वर्षी ट्विलाने डॅडींना एक डबी आणून दिली. ड्रायव्हर आणि त्याला मनोऱ्यावरून वाट सांगणारा माणूस यांचं रेडिओवरचं बोलणं त्या डबीवर ऐकू येतं. डबीला एक दुपाखी वायर, वायरला दोन हेडफोन. इंजिनांचा आवाज एकदा सुरू झाला की शेजारच्याने किंकाळी मारली तरी कळत नाही. पण हेडफोन घातला की गाडीतला पूव्हींचा लँडन मनोऱ्यावरच्या आपल्या मामाला काय म्हणतोय ते दोघांना एकाच वेळी कळे, आणि दोघं एकाच वेळी हसत. समोर बघत. शेजारी बघायची गरजच पडत नसे.

अशा सुखाच्या शेजारी एका शनिवारी मोझेल येऊन बसली.

मिस मोझेल त्यांच्या चर्चमधली. उमर डॅडींएवढी, जन्म गेला टॉवेलच्या गिरणीत मागावर, गिरणी बंद पडल्यावर घरी. तोंडावर पावडर, डोक्यावर मोठी उन्हाळी टोपी, मांडीवर केळ्याच्या पुडिंगचं भांडं.

"मोझेलला रेस बघायची आहे," डॅडी म्हणाले.

"आत्ता? या वयात?" ट्विला हसून म्हणाली, पण हसू दातांपर्यंतच होतं.

"अगं, मला तर पुढे कुठली आणि मागे कुठली हेच कळत नाही," मोझेल म्हणाली. "सगळ्या गोलच तर फिरतात!"

दोघांच्या चादरीवर तिघं बसली. डॅडी मध्ये. गाड्या सुटायच्या आधी डॅडींनी दुपाखी वायरीचा एक हेडफोन उचलला, ट्विलाचा, आणि मोझेलच्या हातात दिला. ट्विलाकडे वळून म्हणाले, "तुला काय, तुला तर बघूनच सगळं कळतं."

कौतुक होतं ते. तरी ट्विला चादरीच्या काठापर्यंत सरकून बसली.

पुढे जे दिसलं ते आणखी वाईट होतं. गाड्या गरगरत होत्या, आणि मोझेल ट्रॅककडे पाठ करून डॅडींच्या तोंडात तोंड घालून बसली होती. टोपीसुद्धा काढून ठेवलेली. भर उन्हात कोणती बाई टोपी काढते? जिला आपला चेहरा दाखवायचा असतो ती. ओठ हलवतेय, भुवया उडवतेय, आणि डॅडी ट्रॅककडे एक डोळा, तिच्याकडे एक डोळा, असे खुदुखुदु हसतायत.

खालच्या रांगेतली जुनी मैत्रीण वँडा वर वळून ओरडली, "काय गं ट्विला, नवी आई पसंत आहे का?"

"तू शेंगा खा," ट्विला म्हणाली.

मग तो सगळा वसंत तसाच गेला. फोन केला तर डॅडी उचलत नसत; ती मनात म्हणे, असतील तिच्या ओसरीवर. घरी गेली तर टीव्ही मोठ्याने लावलेला आणि ते आपल्याच तंद्रीत. काही विचारलं की, "हं." पूर्वीही ते बोलके नव्हतेच, पण पूर्वीचा 'हं' तिचा होता. शाळेत मक्याची कणसं सोलता सोलता ती मनातल्या मनात मोझेलला शंभर वेळा बाकावरून खाली ढकलून यायची. कधी स्वतःचीच लाज वाटायची. बाई वाईट नव्हती, पुडिंग तर फारच चांगलं करायची. हीच पंचाईत होती. वाईट असती तर द्वेष तरी सुखाने करता आला असता.

जूनमधल्या एका शनिवारी ट्विलाने शेवटी एक गोष्ट केली. डॅडींच्या ओट्यावर ठेवलेल्या पिशवीतून दुपाखी वायर काढली आणि जीनच्या खिशात सारली. आता डबीला एकच हेडफोन लागणार. एकच असला तर डॅडी स्वतः घालतील, आणि ही बया बसेल मुकाट्याने गोल गोल बघत.

ट्रॅकवर डॅडींनी पिशवी उपसली. "वायर कुठे गेली?"

"राहिली असेल घरी," ट्विला म्हणाली. डॅडींनी प्रश्नार्थक नजरेने तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने खांदे उडवले.

डॅडींनी एक हेडफोन थेट डबीला जोडला. क्षणभरही विचार केला नाही. मोझेलच्या पांढऱ्या केसांवर तो स्वतःच्या हाताने बसवला आणि आपण रिकाम्या कानांनी रेस बघायला बसले.

ट्विलाचं डोकं भणभणलं. अर्धी रेस तिने दात आवळून काढली. मग दुसऱ्या वळणावर दोन गाड्या एकमेकींत अडकल्या, पिवळा झेंडा पडला, बाकीच्या गाड्या हळू झाल्या. आवाज खाली बसला. अशा वेळी सगळा ट्रॅक बोलून घेतो. ट्विला डॅडींच्या कानाशी झुकली.

"चाळीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसले, डॅडी," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझा कान काढून त्या गिरणीच्या थेरडीला दिलात. तिला स्टिअरिंग आणि भोपळा यांतला फरक कळत नाही!"

जन्मात तिने डॅडींना उलट उत्तर दिलं नव्हतं. आता ते काय म्हणतात?

डॅडींनी समोर बघत मान डोलावली. प्रसन्नपणे. "हं," ते म्हणाले. "उजवं टायर गेलंय त्याचं."

ट्विला त्यांच्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा हाक मारली, "डॅडी." जरा मोठ्याने, "डॅडी!" वँडाने खालून वळून पाहिलं. डॅडींनी नाही पाहिलं.

न उचललेले फोन, मोठ्याने लावलेला टीव्ही, इतके 'हं'. सगळे एकामागून एक तिच्यासमोरून गेले, पिवळ्या झेंड्याखालच्या गाड्यांसारखे, सावकाश, प्रत्येकीचा नंबर दिसेल असे.

तिने मान वर केली तर डॅडींच्या पलीकडून मोझेल तिच्याकडेच बघत होती. कानावर जाड हेडफोन, डोळे ट्विलाच्या ओठांवर.

"भोपळ्यातला फरक कळतो गं मला," मोझेल म्हणाली. "लागवड करते मी दरवर्षी."

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"काही ऐकू नाही आलं. कानात तो लँडनचा मामा बडबडतोय. पण तीनशे मागांच्या खडखडाटात जन्म काढलाय मी, बाळा. तिथे कानाने कोण बोलतं? आम्ही सगळ्या ओठांनी बोलायचो. मुकादमाला शिव्यासुद्धा त्याच्या तोंडावर द्यायचो आणि त्याला पत्ता नसायचा." तिने हेडफोन जरा सरकवला. "थेरडी मात्र बरोबर म्हणालीस."

ट्विलाला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ते बाक जमिनीपासून फार उंच होते.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं होत आली. डावा तर पार गेलाय. इंजिनांनी खाल्ले कान, आणखी कशाने! चर्चमध्ये बघते तर हा भजनाच्या वेळी चुकीचं पान उघडून गातोय. म्हणून विचारलं."

"मला का नाही सांगितलं?"

मोझेलने डॅडींच्या खांद्याला हात लावला. ते वळले. तिने आवाज न करता ओठ हलवले. जिभेचं टोक, दात, सगळं स्वच्छ दिसत होतं. डॅडींचा चेहरा हळूहळू पडला. त्यांनी ट्विलाकडे पाहिलं नाही, गुडघ्यांकडे पाहिलं.

"डबी तू हौसेने आणलीस," ते म्हणाले. "दोन कानांची. सांगितलं असतं तर तू ती बंद करून ठेवली असतीस, आणि घरी बसून काळजी केली असतीस. मला रेस बघायची होती."

हिरवा झेंडा पडला आणि पुन्हा सगळं त्या गर्जनेत बुडालं. मोझेलने ट्विलापुढे रिकामा तळहात धरला. ट्विलाने थोडा वेळ तो हात न दिसल्यासारखं केलं. मग खिशातून वायर काढून त्यावर ठेवली.

आता दोघी बायकांच्या कानांवर हेडफोन आणि मधला म्हातारा रिकामा. ट्विलाने त्यांच्या बाहीला हिसका देऊन त्यांना आपल्याकडे वळवलं. लँडन म्हणतोय, मागचा भाग घसरतोय, बाहेरून जातो. तिने ओठ ताणून ताणून सांगितलं. डॅडींनी डोळे बारीक केले आणि मान हलवली. नाही कळलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. मग ते मोझेलकडे वळले, आणि मोझेलने सांगितलेलं लगेच कळून हसलेसुद्धा.

रेस संपल्यावर पायऱ्या उतरताना ट्विलाने त्यांना दिव्याच्या खांबाखाली थांबवलं.

"माझं का नाही कळलं?" तिने सावकाश विचारलं.

"तुझ्यामागे सूर्य होता, पोरी. तोंड काळं दिसत होतं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आणि तू कामाचं तेवढंच सांगतेस. बाहेरून जातो, मागून घसरतो. ते मला दिसतंच की. मोझेल सगळं सांगते. मामा म्हणाला, भूक लागली. लँडन म्हणाला, गप्प बस. मला ते हवं असतं."

ट्विलाला हे लागलं. चांगलंच लागलं. चाळीस वर्षांचं तिचं ज्ञान कुचकामी, आणि त्या बाईचं अज्ञान त्यांना गोड!

तो आठवडाभर ती न्हाणीघरातल्या आरशासमोर उभी राहून आवाज न काढता बडबडत होती. 'गप्प बस मामा.' 'भूक लागली.' शाळेत कोबी चिरताना चालूच. सोबतची बाई म्हणाली, "प्रार्थना करतेस का गं?"

"एका बाईला हरवायची तयारी करतेय," ट्विला म्हणाली.

शनिवारी ती फाटक उघडायच्या आधीच हजर होती. वर चढून तिने चादर पसरली, चारी कोपरे चिकटवले, आणि मग बराच वेळ हात कमरेवर ठेवून आकाशाकडे बघत राहिली. ट्रॅक दक्षिणेला, संध्याकाळचा सूर्य उजव्या हाताला. डॅडींच्या डाव्या अंगाला जी बसेल, तिने त्यांच्याकडे तोंड केलं की ऊन सरळ चेहऱ्यावर. इतके आठवडे मोझेल तिथेच बसत होती, टोपी काढून.

मोझेल आणि डॅडी आले तेव्हा ट्विला त्या डाव्या जागेवर ठाण मांडून बसलेली होती. टोपी न घालता. चेहरा आत्तापासूनच लाल झालेला.

"अगं, तिथे ऊन लागेल तुला," मोझेल म्हणाली. "डोळ्यांत जातं. ट्रॅक दिसणार नाही."

"लागू दे. तुम्ही पलीकडे बसा, मिस मोझेल, ऊन पाठीवर येईल. थकला असाल."

डॅडी मुकाट्याने मध्ये बसले. गाड्या सुटल्या. ट्विलाने ट्रॅककडे पाठ केली, उन्हात डोळे किलकिले केले, आणि लँडनचा मामा ज्या पहिल्या गोष्टीवरून कुरकुरला, म्हणजे मनोऱ्यावर कोणीतरी त्याच्या कॉफीत सिगरेट विझवली होती, ती तिने शब्द न शब्द सांगितली. शिवीसकट. डॅडींची नजर तिच्या ओठांवर खिळली, भुवया वर गेल्या, आणि ते मांडीवर हात मारून हसले.

त्यांच्या खांद्यावरून मोझेलने आवाज न करता, सावकाश ताणून ओठ हलवले. आरशातल्या आठवड्याने ट्विलाला एवढं तरी शिकवलं होतं.

'लबाड कार्टी,' मोझेल म्हणाली होती.

ट्विलाने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मामा पुन्हा काहीतरी बोलत होता, आणि डॅडी वाट बघत होते.