भिडूकाकांनी घेतलेला नापास खेळ

चि. ईशान आणि चि. रेवा,

परवा फोनवर तुमचा बाबा म्हणाला, "आई, भिडूकाका गेल्याचं पोरांना सांगितलं, तर म्हणाली, कोण भिडूकाका?" मला धक्काच बसला. ज्या माणसाने तुमच्या आजोबांसमोरच्या खुर्चीत निवृत्तीची सगळी वर्षं काढली, त्याचं नावही तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. तेव्हा आजच लिहायला घेते.

भिडूकाकांइतका नापसंती दाखवणारा माणूस साऱ्या पुण्यात नव्हता, आणि पुण्यात हा मान मिळवणं सोपं नाही. नोकरी कारखान्यातल्या तपासणी विभागात. तयार झालेला प्रत्येक भाग हातात घेऊन 'पास' किंवा 'नापास' म्हणायचं, एवढंच काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, काम सुटलं नाही. मार्केट यार्डात आंब्याची पेटी घ्यायला गेले की तळाचा थर आधी बाहेर काढायला लावत. एकदा व्यापारी वैतागून म्हणाला, "काका, मुलगी बघायला आलात का?" हे शांतपणे म्हणाले, "मुलीला एवढं बघावं लागत नाही." पेटी अर्थातच नापास. नवा रेनकोट आणला तेव्हा तो अंगात घालून आमच्या अंगणात उभे राहिले आणि मला वरून बादली ओतायला लावली. उजव्या काखेत ओल आली, रेनकोट दुकानात परत. माझ्या पुरणपोळीलाही सवलत नव्हती. "वहिनी, काठापर्यंत पुरण पोचलेलं नाही," असं म्हणत आणखी एक वाढून घेत.

खेळांपैकी त्यांना पत्त्यांतला ब्रिज तेवढा मान्य होता, आणि माणसांपैकी तुमचे आजोबा. ब्रिजमध्ये समोरासमोर बसणारे दोघे एका बाजूचे, एकमेकांचे भिडू. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पडलेल्या पानावरून समोरच्याच्या मनातलं ओळखायचं. या दोघांना ते इतकं साधलं होतं की चहा हवा हेसुद्धा एकमेकांना न बोलता कळायचं. मला मात्र कुणी सांगत नसे.

आजोबा एका दुपारी झोपेतच गेले. त्यानंतरही भिडूकाका रोज सकाळी येत, त्याच खुर्चीत बसत, पण पत्त्यांना हात लावेनात. कुणी नवा भिडू सुचवला तर नाव ऐकायच्या आत तो नापास. हळूहळू शेरेही बंद झाले. होळीची पुरणपोळी त्यांनी मुकाट खाल्ली, तेव्हा मी खरी घाबरले.

तुमचा बाबा तेव्हा नुकताच आयटीत लागला होता. त्याने घरच्या कॉम्प्युटरवर एक खेळ आणून ठेवला होता, नमुन्यादाखल महिनाभर फुकट. जगभरची माणसं इंटरनेटवरून त्यात शिरतात. कुणी योद्धा होतो, कुणी वैदू, कुणी जादूगार. भिडूकाकांना असल्या खेळांचा तिटकारा. "सोंगं आणायची आणि लुटुपुटूच्या लढाया करायच्या. त्यापेक्षा सोंगट्या बऱ्या." पण न तपासता नापास करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून बसले. स्वयंपाकघरात मला पुन्हा शेरे ऐकू येऊ लागले. "वहिनी, ही नदी चढावर वाहते." "घोडा पाणी पीत नाही." "सावली दिवसभर एकाच बाजूला." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

महिना संपला. मी म्हटलं, "काय, नापास ना?"

"नापासच," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण विकत घ्यायचाय."

मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसले. या माणसाने जन्मात टीव्ही घेतला नव्हता. पण बाबाला घेऊन ते खरंच स्वारगेटजवळच्या दुकानात गेले, खोका उघडून आतली तबकडी उजेडाकडे धरून पाहिली. दुकानदार म्हणाला, "काका, किडकी निघाली तर परत आणा."

दुसऱ्या दिवशी मी प्रथमच पडद्याकडे नीट पाहिलं. चांदीचं चिलखत घातलेली एक देखणी बाई उभी होती.

"ही कोण?"

"मी."

"अहो, ही बाई आहे."

"पहिल्या दिवशी चष्मा नव्हता. अंबाडा मला फेटा वाटला."

"मग बदला की. सोय असेल."

"सोय आहे. पण मग तो मला ओळखणार नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. गावाच्या वेशीपाशी एक उंच योद्धा निमूट उभा होता. भिडूकाका एका बोटाने टंकत, त्यामुळे खेळात ते कुणाशी बोलत नसत. जेवायला उठताना इंग्रजीत एक ओळ लिहीत, तेवढीच. तो योद्धाही बोलत नसे. हे डावीकडे गेले की तो उजवी बाजू सांभाळी. हे खड्ड्यात पडले की काठावर थांबून राही.

"पान बरोबर टाकतो," ते म्हणाले. मग पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "खेळ घेतला नसता, तर हा तिथेच वाट बघत राहिला असता. भिडू न सांगता उठून गेला की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे, वहिनी."

मी आत जाऊन चहा ठेवला.

काही वर्षांनी चालवणाऱ्यांनीच तो खेळ बंद करायचं ठरवलं. शेवटच्या सकाळी भिडूकाकांनी रीतसर निरोप टंकला: उद्यापासून भेट होणार नाही, आभारी आहे. उत्तर आलं ते इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. "काकाजी, मंग आता कुठं भेटायचं? मी हिंजवडीत राहतो."

आम्ही दोघांनी ती ओळ पुन्हा वाचली. चिलखतातली ही बाई म्हणजे कुणीतरी काका आहे, हे याला कळलं कसं?

पुढच्या रविवारी तो घरीच आला. यवतमाळचा इंजिनिअर, रात्रपाळी संपवून सकाळी खेळणारा. म्हणाला, "रोज एक वाजला का, राक्षस समोर असला तरी तुम्ही इंग्रजीत लिहायचे, 'जेवणाची वेळ झाली, कृपया चारनंतर यावे.' मले तवाच समजलं, हे बाईबी नाही अन् परदेशातलं तर नाहीच नाही."

भिडूकाकांनी त्याला वरपासून खालपर्यंत तपासलं. "बुटांना पॉलिश नाही," ते म्हणाले. "या, बसा." आणि किती वर्षांनी पत्ते पिसायला घेतले.

तो खेळ आता कुठेच नाही, आणि भिडूकाकाही नाहीत. यवतमाळकर मात्र अजून दर रविवारी येतो. ब्रिजला चौघे लागतात, आम्ही दोघेच असतो. म्हणून चहा पितो.